सोल आणि गॉस्पेल नव्याने ऐकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉस्पेल आणि सोल यांत नेमका फरक काय?

मुख्यतः शब्दांचा. गॉस्पेलमध्ये देवाला आळवतात, सोलमध्ये प्रियकराला, प्रेयसीला, घर सोडून निघालेल्या नवऱ्याला. बाकी गळे तेच, पियानोवरचे हात तेच आणि टाळ्यांचा ठेकाही तोच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये लहानपणापासून गात आलेल्या मुलामुलींनी १९५०च्या दशकात ती गायकी बाजारातल्या गाण्यांत आणली. त्या गाण्यांना पुढे सोल हे नाव पडलं.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. सोल आवडत असेल, तर गॉस्पेलच्या रेकॉर्ड मन लावून ऐका. अरीथा फ्रँकलिन ओळीच्या शेवटी एकदम का उसळते, ओटिस रेडिंग एकच शब्द पुन्हा पुन्हा का घोळवतो, गाणं आटोपलं असं वाटत असताना साथीदार आणखी जोरात का सुटतात, हे सगळं तिथे उलगडतं. गॉस्पेल न ऐकता सोल आवडू शकतं, पण ते अर्धंच कळतं.

गॉस्पेल म्हणजे गुलामगिरीच्या काळातली गाणी ना?

नाही, ही गल्लत फार जणांची होते. गुलामगिरीच्या काळातली ती स्पिरिच्युअल्स. ती शेतावर आणि गुप्त प्रार्थनासभांत तयार झाली, त्यांचे कर्ते अज्ञात आहेत. जगासमोर ती आणली नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाच्या गायकांनी. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेली ही संस्था पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होती. १८७१ साली तिथले विद्यार्थी गाणी गात निधी गोळा करायला बाहेर पडले आणि त्यांनी संस्था वाचवली. याच काळात, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. या गाण्यांमागचा लढा महाराष्ट्रात तेव्हापासून ठाऊक आहे, हे आपण विसरू नये.

गॉस्पेल मात्र विसाव्या शतकातलं, शहरातलं. दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय कामासाठी शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांत आले, त्यांचं हे संगीत. त्याचा जनक म्हणतात तो थॉमस डॉर्सी हा आधी ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची लौकिक गाणी, वाजवायचा. ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने तो मा रेनी या प्रसिद्ध गायिकेच्या साथीला पियानोवर बसायचा, आणि चावट गाण्यांच्या त्याच्या रेकॉर्ड जोरात खपायच्या. तोच डॉर्सी ब्लूजची लय आणि ब्लूजचे कोमल स्वर घेऊन भक्तिगीतं रचायला लागला. सुरुवातीला कित्येक चर्चनी त्याला उभं केलं नाही.

१९३२ मध्ये तो सेंट लुईसला एका धर्मसभेत असताना तार आली. बायको बाळंतपणात गेली होती. पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं रचलं. मी थकलोय, माझा हात धर, मला घरी ने, एवढंच त्यात मागणं आहे. चाल जुन्या स्तोत्राची आहे, पण ओळीओळीत थांबायला, सूर लांबवायला इतकी जागा आहे की प्रत्येक मोठ्या गायिकेने ते आपलं करून घेतलं. मार्टिन ल्यूथर किंगचं हे अतिशय लाडकं गाणं. ४ एप्रिल १९६८ला गोळी लागण्याच्या काही क्षण आधी त्याने एका वादकाला संध्याकाळच्या सभेत हेच वाजव म्हणून सांगितलं होतं. त्याच्या अंत्यविधीत ते गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सनने गायलं.

बायबल वाचलेलं नाही, इंग्रजी उच्चारही पटकन कळत नाहीत. काही अडेल का?

अडणार नाही. दोन-तीन संदर्भ लक्षात ठेवले की पुष्कळ झालं. जॉर्डन नदी ओलांडणं म्हणजे मरण, आणि मुक्तीही. मिसर देश, तिथला राजा फॅरो आणि गुलामांना सोडवणारा मोझेस यांच्या गोष्टीत गुलामगिरी आणि तिच्यातून सुटका असते. या समाजाने बायबल स्वतःची गोष्ट म्हणून वाचलं, त्यामुळे फॅरोचं सैन्य बुडाल्याचं गाणं कोणाविषयी आहे हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळायचं. श्रद्धेची अट तर नाहीच. मी या धर्मात वाढलेली व्यक्ती नाही, तरी ही गाणी मला परकी वाटलेली नाहीत.

एक जण म्हणतो, बाकीचे झेलतात. हे आपल्या कीर्तनासारखंच झालं, नाही का?

तेवढ्यापुरतं, हो. बुवांची ओळ टाळकऱ्यांनी उचलावी तशी इथे मुख्य गायकाची ओळ कॉयर, म्हणजे चर्चचा गायकसमूह, उचलतो, आणि श्रोताही गप्प बसत नाही. पुढचा रस्ता मात्र वेगळा. कॉयर एकाच सुरात गात नाही. तीन-चार पट्ट्यांतले आवाज एकावर एक रचलेले असतात आणि ही रचना गाण्याच्या शेवटाकडे पायरीपायरीने वर सरकते. शेवटी एक छोटीशी ओळ धरून ठेवतात, कॉयर तीच ओळ घोटत राहतो आणि मुख्य गायिका तिच्यावर मोकळी सुटते. वादक या भागाला ‘व्हॅम्प’ म्हणतात. गॉस्पेलचा सगळा जोर तिथे असतो, म्हणून गाणं दोन मिनिटांनी बंद करू नका.

हाच व्हॅम्प सोलमध्ये ऐकायचा असेल तर ओटिस रेडिंगचं १९६६ मधलं ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ लावा. मूळ गाणं १९३०च्या दशकातलं, संथ आणि गुळगुळीत. ओटिसही सुरुवात हळुवारच करतो. मग अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर काठीने नुसतं टकटक करायला लागतो. गाणं संथच आहे, पण ती टकटक सांगते की पुढे काहीतरी होणार आहे. एकेक वाद्य येतं, लय चढते, आणि शेवटच्या मिनिटात शब्द तुटून नुसते हुंकार उरतात. तो चर्चमधला शेवट आहे, शब्द फक्त प्रेमाचे.

महेलिया जॅक्सनचं काय ऐकावं?

१९४७ मध्ये अपोलो कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेलं ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’. ते इतकं लांब होतं की मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना विभागावं लागलं. १९४८च्या सुरुवातीला रेकॉर्ड बाहेर आली आणि दुकानं पुरवू शकणार नाहीत इतकी खपली. साथीला फक्त पियानो आणि ऑर्गन आहेत. ती ताल सोडून मागे रेंगाळते, मग एका झेपेत पुढे येते. श्वास कुठे घेते ते बघा: वाक्याच्या मध्येच, जिथे कोणी घेणार नाही तिथे, आणि त्या श्वासाचाही ती ताल करते.

नाइट क्लबमध्ये ती कधी गायली नाही, ब्लूज गायचे पैसे देऊ करणाऱ्यांना तिने शेवटपर्यंत नकार दिला. १९७१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, ती भारतात आली होती आणि मुंबईतही गायली होती.

गॉस्पेलमधलं क्वार्टेट म्हणजे चौघंच गाणारे का?

नाही, पाच-सहाही असतात. महत्त्वाचं हे की ते बहुधा वाद्यांशिवाय किंवा एका गिटारवर गातात. डिक्सी हमिंगबर्ड्स, सोल स्टरर्स, स्वॉन सिल्व्हरटोन्स ही त्यातली मोठी नावं. सिल्व्हरटोन्सचा क्लॉड जीटर तार सप्तकात नाजूक खोट्या आवाजात (फॉल्सेटो) गायचा. ‘ओ मेरी, डोन्ट यू वीप’ या त्यांच्या रेकॉर्डमध्ये तो मध्येच म्हणून जातो की माझ्या नावावर भरवसा ठेवलास तर खोल पाण्यावर मी तुझा पूल होईन. पॉल सायमनने ती ओळ ऐकली आणि तिच्यातून १९७० चं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ जन्मलं. गॉस्पेलचा प्रभाव म्हणजे काय ते या एका उदाहरणात दिसतं.

सॅम कुकने गॉस्पेल सोडलं तेव्हा लोक का चिडले?

कारण तो त्यांचा लाडका होता. मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत वाढलेला हा पाद्र्याचा मुलगा विशीतच सोल स्टरर्सचा मुख्य गायक झाला. त्याच्याआधी त्या जागी आर. एच. हॅरिस होता, आणि त्याची जागा घेणं सोपं नव्हतं. कुकने ओरडण्याच्या चढाओढीत न पडता एका अक्षरावर अलगद फिरणारी, पाण्यासारखी हरकत काढली. १९५६ मधलं ‘टच द हेम ऑफ हिज गार्मेंट’ ऐका, आणि लगेच १९५७ मधलं ‘यू सेंड मी’. तीच हरकत, त्याच जागी. पहिल्यात ती येशूच्या वस्त्राला शिवणाऱ्या आजारी बाईसाठी आहे, दुसऱ्यात प्रेयसीसाठी. लोकांना नेमकं हेच खुपलं. पहिलं प्रेमगीत त्याने डेल कुक अशा टोपणनावाने काढलं होतं, पण आवाज लपला नाही.

मला हा विश्वासघात वाटत नाही, कारण १९६४ मध्ये त्याने ‘अ चेंज इज गॉना कम’ गायलं. आदल्या वर्षी लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये एका मोटेलने त्याला खोली नाकारली होती आणि वाद झाल्यावर पोलिसांनी त्यालाच पकडलं होतं. बॉब डिलनचं ‘ब्लोइंग इन द विंड’ ऐकून, हे एका गोऱ्या मुलाने लिहावं आणि आपण लिहू नये, ही बोचही त्याला होती. रेने हॉलने तारवाद्यं आणि हॉर्न (ट्रम्पेट, सॅक्सोफोनसारखी फुंकवाद्यं) यांची भरगच्च साथ बांधली. डिसेंबर १९६४ मध्ये कुक गोळी लागून मेला, आणि त्याच महिन्यात गाणं सिंगल म्हणून, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवर, बाहेर आलं. त्या सिंगलमधून एक कडवं कापलं होतं, ज्यात सिनेमाला जाणारा माणूस आहे आणि इथे रेंगाळू नको असं सांगणारं कोणीतरी आहे. अख्ख्या गाण्यात भेदभावाचं थेट वर्णन तेवढंच. म्हणून अल्बममधलं पूर्ण गाणंच ऐका.

रे चार्ल्सने गॉस्पेल चोरलं असं म्हणतात.

चाली या गायकाने उघड उघड घेतल्या. १९५४ मध्ये अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं ‘आय गॉट अ वुमन’ हे ‘इट मस्ट बी जीझस’ या गॉस्पेल गाण्यावर बेतलेलं आहे. बिग बिल ब्रून्झीसारख्या ब्लूज गायकालाही ही सरमिसळ पटली नव्हती. पण डॉर्सीने वीस वर्षांपूर्वी ब्लूज चर्चमध्ये नेलं होतं. रे चार्ल्सने तेच परत बाहेर आणलं.

अरीथा फ्रँकलिनचा एकच अल्बम ऐकायचा तर?

१९७२चा ‘अमेझिंग ग्रेस’. मी क्षणभरही विचार करत नाही.

आधी थोडं मागचं. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री सी. एल. फ्रँकलिन यांची ही मुलगी. त्यांची प्रवचनं रेकॉर्डवर खपायची, आणि घरी महेलिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड या गॉस्पेल गायिकांचा राबता. अरीथाचं चर्चमधलं गाणं ती चौदा वर्षांची असताना मुद्रित झालं. नंतर कोलंबिया कंपनीत काही वर्षं तिला गुळमुळीत गाणी दिली गेली. १९६७ मध्ये अटलांटिकच्या जेरी वेक्सलरने तिला अलाबामातल्या मसल शोल्स इथल्या फेम स्टुडिओत नेलं आणि पियानोवर बसवलं. निर्णय एवढाच होता, पण त्याने सगळं बदललं. ती स्वतः वाजवत असली की तिचा आवाज तिच्या हातांशी बोलतो. त्या दिवशी ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ पुरं झालं, दुसरं गाणं अर्धवट असताना तिच्या नवऱ्याचं तिथल्या लोकांशी भांडण झालं आणि काम थांबलं. उरलेलं न्यूयॉर्कमध्ये झालं, मसल शोल्सच्या वादकांना तिथे बोलावून. ‘रिस्पेक्ट’ तिथलंच. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, कामावरून घरी येणाऱ्या पुरुषाने मान मागितलेला. अरीथाने ते बाईचं केलं, शब्दाची अक्षरं एकेक फोडून म्हटली आणि मागे बहिणींना झील धरायला लावली. ती झील चर्चमधलीच आहे.

आता १३ आणि १४ जानेवारी १९७२. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. ही इमारत पूर्वी सिनेमा थिएटर होती. रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड पियानोवर, सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी कॉयर, आणि अरीथाचे नेहमीचे वादक: गिटारवर कॉर्नेल डुप्री, बासवर चक रेनी, ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी. प्रसिद्धीच्या शिखरावर असलेली बाई कोणत्याही झगमगाटाशिवाय आपल्या लहानपणीच्या गाण्यांकडे परत आली होती. शीर्षकगीत दहा मिनिटांहून मोठं आहे आणि त्याला जवळजवळ तालच नाही. एकेका शब्दावर ती इतका वेळ रेंगाळते की पुढचा शब्द काय हे विसरायला होतं. लोक तिला हाका मारून उत्तेजन देतात आणि त्या हाकांनी तिचा पुढचा सूर ठरतो. तो श्रोतृवर्ग वजा केला तर ही रेकॉर्ड उभी राहणार नाही. दुसऱ्या रात्री वडील आणि क्लारा वॉर्ड समोर बसले होते, मागच्या बाजूला रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगरही होता.

दोनच आठवड्यांनी महेलिया जॅक्सन गेली. तिच्या अंत्यविधीत ‘प्रेशस लॉर्ड’ अरीथाने गायलं.

त्या कार्यक्रमाचा चित्रपट इतक्या उशिरा का आला?

दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांनी चित्रीकरण केलं, पण चित्र आणि आवाजाची खूण करणारी पाटी, म्हणजे क्लॅपबोर्ड, वापरला नाही, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळवता येईनात. पुढे डिजिटल तंत्राने ते जमलं, तर अरीथाने कोर्टात जाऊन प्रदर्शन रोखलं. तिच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये तो दाखवला गेला. जरूर बघा. ती बोलत जवळजवळ नाहीच, फक्त गाते, घामाने निथळते, आणि वडील मायेने तिचा चेहरा पुसतात.

स्टॅक्स, मोटाउन, मसल शोल्स यांतला फरक कानाला कळतो का?

थोड्या सवयीने नक्की कळतो. मोटाउन ही बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन सुरू केलेली रेकॉर्ड कंपनी, तिचा स्टुडिओ म्हणजे डेट्रॉइटमधलं एक साधं घर. तिथला आवाज नीटनेटका आणि दाटीवाटीचा आहे. खंजिरी ठळक असते, आणि ती थेट चर्चमधून आलेली आहे. खाली जेम्स जेमर्सनचा बास: उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो अशा चाली विणायचा की कधी कधी मी गाणाऱ्याला विसरून फक्त त्याच्यामागे जाते.

स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ मेम्फिसमधल्या जुन्या सिनेमा थिएटरात होता. उतरती जमीन त्यांनी तशीच ठेवली, त्यामुळे खोलीत आवाजाचा खास घुमारा यायचा. इथे तारवाद्यांचा थाट नाही. हॉर्न तुटक वाजतात, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर दोन सुरांत काम भागवतो, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा ठोका किंचित उशिरा पडतो. १९६५ मध्ये विल्सन पिकेटचं ‘इन द मिडनाइट अवर’ करताना वेक्सलरने स्टुडिओत नाचून दाखवलं की ठोका कुठे पडायला हवा, तेव्हापासून ही लकब पक्की झाली.

मसल शोल्सचे नेहमीचे वादक गोरे होते, अलाबामातल्या लहान गावांतले. स्टॅक्सच्या घरच्या बँडमध्ये दोन्ही वर्णांचे लोक होते. ज्या शहरात एकत्र जेवायला बसणं अवघड होतं तिथे ते रोज एकत्र वाजवत होते. हे सुंदर आहेच, पण त्यावरून सगळं आलबेल होतं असं कोणी समजू नये. १९६८ मध्ये किंगची हत्या त्याच मेम्फिसमध्ये झाली.

नागरी हक्कांच्या चळवळीत या गाण्यांचा खरंच वाटा होता?

खूप मोठा. २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात महेलिया आधी गायली, आणि किंगचं भाषण चालू असताना जवळून ओरडली की त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांग. तिथे असलेल्यांनी हे सांगून ठेवलंय. किंगने लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले. ज्या भागासाठी ते भाषण ओळखलं जातं तो त्यानंतरचा. स्टेपल सिंगर्स हे कुटुंब तर किंगच्या सभांना गात हिंडलं, आणि कर्टिस मेफिल्डने १९६५ मध्ये ‘पीपल गेट रेडी’त चर्चमधली आगगाडी अशी आणली की ती देवाची आणि चळवळीची एकाच वेळी वाटते.

रॉकशी याचा काय संबंध?

सिस्टर रोझेटा थार्प. आर्कान्सामध्ये जन्मलेली ही बाई चर्चमध्ये गात मोठी झाली आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवत भक्तिगीतं गायची. १९४४ मध्ये मुद्रित झालेलं तिचं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ ऐकलं की रॉक अँड रोल पुढे कोणी काढलं हा वाद निरर्थक वाटायला लागतो. १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका बंद रेल्वे स्टेशनच्या फलाटावर तिचा टीव्हीसाठी कार्यक्रम झाला. नुकता पाऊस पडून गेलेला, अंगात जाड कोट, गळ्यात पांढरी गिटार. तो मिळवून पाहाच. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला तिचं नाव घालायला २०१८ उजाडलं, याचा मला अजून राग येतो.

आणि हिप-हॉप, इलेक्ट्रॉनिक वगैरे?

१९६९ मध्ये विन्स्टन्स या वॉशिंग्टनच्या बँडने सिंगलच्या मागच्या बाजूला जागा भरायला ‘आमेन, ब्रदर’ टाकलं, जुन्या गॉस्पेल गाण्याची वेगवान वाद्यरचना. मध्ये सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन सहा-सात सेकंद एकटा ड्रम वाजवतो. जुन्या रेकॉर्डचे तुकडे उचलून पुन्हा वाजवणारं सॅम्पलर हे यंत्र आल्यावर ते सेकंद हजारो गाण्यांत गेले, ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बास’ हे इंग्लंडमधले इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रकार तर त्यांच्यावरच उभे राहिले. कोलमनला यातलं काही मिळालं नाही, २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत मेला. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’वर वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचंही तेच: ठोके जगभर गेले, रॉयल्टीत वाटा नाही. ज्यांनी वाजवलं त्यांची नावं लक्षात ठेवणं एवढं तरी आपण करू शकतो.

मोनो घ्यावं की स्टिरिओ?

१९६०च्या दशकातली सिंगल्स असतील तर मोनो. ती गाडीतल्या रेडिओसाठी आणि ज्यूकबॉक्ससाठी घडवलेली होती. त्या काळच्या स्टिरिओत कित्येकदा आवाज एका कानात आणि ढोल दुसऱ्या कानात जातात, मग ठोक्यातला जीव जातो. ‘अमेझिंग ग्रेस’सारखं चर्चमधलं थेट ध्वनिमुद्रण मात्र स्टिरिओतच ऐका, आजूबाजूची माणसं कुठे बसलीत ते कळलं पाहिजे.

सुरुवातीला रोज काय ऐकू?

एक गॉस्पेल आणि एक सोल, लागोपाठ. सॅम कुकची जोडी वर दिलीच आहे. स्टेपल सिंगर्सचं १९५६ मधलं ‘अनक्लाउडी डे’ आणि १९७२ मधलं ‘आय’ल टेक यू देअर’ अशी दुसरी लावा. दोन्हींत मेव्हिस स्टेपल्सचाच जाडसर आवाज आहे. एडविन हॉकिन्सचं ‘ओ हॅपी डे’ ऐकलं की जॉर्ज हॅरिसनचं ‘माय स्वीट लॉर्ड’ लावा, ते त्यावरूनच सुचल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ ऐकाल तेव्हा हेही लक्षात असू द्या की पुढे १९७६ मध्ये त्याने मेम्फिसमध्ये स्वतःचं चर्च काढलं आणि तो पाद्री झाला. हेडफोनपेक्षा स्पीकर बरा, आणि आवाज थोडा मोठा ठेवा.